चार नंबरचा स्विच

विस्मा चुआ नावाच्या इमारतीच्या तळमजल्यावर टीव्ही लागला त्याला तीन महिने झाले होते, आणि तीन महिन्यांत आरोकियमने त्याच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. लिफ्टच्या दाराशेजारी, लाल देव्हाऱ्याच्या बरोबर समोर, हा भलामोठा टीव्ही. त्यावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत, फुटबॉलही नाही. नुसते मजल्यांचे आकडे, आणि प्रत्येक आकड्यासमोर एक रंगीत पट्टा. कोणता मजला या घटकेला किती वीज खातो ते त्या पट्ट्यावरून कळायचं. कमी खाणारा हिरवा, मधला पिवळा, खादाड असेल तो लाल. येणारे-जाणारे लिफ्टची वाट बघत त्याच्यापुढे उभे राहत आणि दुसऱ्याचा पट्टा पाहून जिभेने चुकचुकत. माणसांना तेवढंच हवं असतं.

आरोकियम त्या इमारतीचा वायरमन. इमारत उभी राहिली तेव्हापासूनचा. त्याच्या मते वीज ही पाहायची वस्तूच नव्हती. बोर्डाच्या पत्र्यावर हाताची मागची बाजू टेकवली की कोणता स्विच तापलाय ते कळतं. कान दिला तर ढिला स्क्रू कुठे गुणगुणतोय ते कळतं. आणि नाक असेल तर जळू लागलेली तार आगीच्या आधी अर्धा तास स्वतः सांगते. ज्यांना हात, कान, नाक यांपैकी काहीच वापरता येत नाही त्यांच्यासाठी टीव्ही. असं तो कुणी विचारलं तर सांगायचा. कुणी विचारत नसे, म्हणून न विचारताही सांगायचा.

हे टीव्हीचं खूळ तौके चुआचं. तौके म्हणजे मालक. इमारत त्याच्या बापाने बांधली आणि भाडेकरूंच्या समितीचा अध्यक्षही तोच. पूर्वी इमारतीचं विजेचं बिल एकच यायचं आणि सगळे मजले ते सारखं वाटून घ्यायचे. मग गेल्या दोन वर्षांत ते फुगत चाललं. कुणीतरी गुपचूप वीज पितंय, असं तौके चुआच्या मनाने घेतलं. त्याने राजधानीतल्या एका कंपनीला बोलावलं. कंपनीने जेरेमी याप नावाचा एक इंजिनिअर पाठवला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की आरोकियमला आधी वाटलं हा बूटच विकायला आला असावा.

जेरेमीने दोन भाड्याची माणसं आणली होती. तळमजल्यावरच्या स्विचच्या खोलीत मोठा बोर्ड आहे, तिथून प्रत्येक मजल्याची जाड तार वर जाते. त्या दोघांनी प्रत्येक तारेभोवती एकेक काळं कडं बसवलं. कड्यातून बारीक वायर निघून एका डबीत, आणि डबीतून सगळे आकडे टीव्हीवर. जेरेमी दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसला होता. एका सकाळीत काम उरकलं. दुपारी तो मोड आलेल्या मुगाबरोबर उकडलेली कोंबडी खायला गेला आणि तसाच परस्पर बसस्टँडवर. इमारतीचा एकही जिना तो चढला नाही. लिफ्टमध्येसुद्धा पाऊल ठेवलं नाही.

जाण्याआधी त्याने एकच प्रश्न विचारला होता. म्हणाला, "अंकल, बोर्डावरचे नंबर मजल्यांप्रमाणेच आहेत ना?"

आरोकियम तेव्हा स्टुलावर बसून पाय चोळत होता. त्याला त्या 'अंकल'मधली साखर आवडली नाही. "लिहिलंय ना समोर," तो म्हणाला. "वाचता येत नाही का?"

पोरगा हसला आणि त्याने वाचलं.

पहिल्या आठवड्यातच टीव्हीवर सातवा मजला लाल झाला. दिवसा लाल, रात्री लाल, रविवारी लाल. सातव्यावर रोकिया बिंती सालेहचा शिवणकारखाना होता. चौदा मशिनी, दोन इस्त्र्या, सहा मुली. इमारतीत सगळे तिला काक म्हणत. तिकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पन्नाशीची बाई, तोंडात नेहमी दोन टाचण्या, बोलायची वेळ आली की त्या काढून मनगटावरच्या उशीत खोचायची. ती संध्याकाळी सहाला कारखाना बंद करून जायची. रात्री तिथे पालही जागी नसायची.

ते तिने सांगितलं. समितीसमोर दोनदा सांगितलं. पण समितीला बाईपेक्षा टीव्ही जास्त खरा वाटला. कुणी म्हणालं, मुलींना रात्री तिथेच झोपवत असेल, थंड हवा लावून. कुणी म्हणालं, मागच्या खोलीत कसलीतरी यंत्रं ठेवली असतील, हल्ली लोक पैसे छापणारे कॉम्प्युटर चालवतात. तौके चुआ स्वतः दोनदा येऊन बघून गेला. मागच्या खोलीत कापडाचे ताके आणि एक नमाजाची चटई सापडली. म्हणजे बाई लपवण्यात हुशार आहे, असा निष्कर्ष निघाला.

त्याच टीव्हीवर नववा मजला रोज संध्याकाळी सहा ते नऊ पिवळा व्हायचा. नववा मजला सहा वर्षं कुलपात होता. एका बंद पडलेल्या विमा कचेरीचे कागद तिथे कुजत पडलेले. तर कुलपातला मजला वीज खातो याचा अर्थ काय? तौके चुआने देवळातून भगत आणला, नवव्याच्या दारावर पिवळे कागद चिकटवले, उदबत्त्या लावल्या. पट्टा पिवळाच राहिला. भूत हट्टी आहे, असं ठरलं. आणि दहाव्या मजल्यावर संध्याकाळी शिकवणीचे वर्ग भरायचे, साठ पोरं, आठ पंखे, तरी दहाव्याचा पट्टा कायम शून्य. शिकवणीवाल्या मास्तरने याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. जो पोरांना दर आठवड्याला प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावतो, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?

या गोष्टी आरोकियमच्या कानावर तुकड्या-तुकड्यांनी येत. तो कॉफीच्या दुकानात बसून ऐके आणि फेसाळ चहावर फुंकर घालत हसे. भूत, म्हणे. त्याला रोकियाची कीव येत होती, नाही असं नाही. पण ती कीवही वरूनच. टीव्हीच्या भानगडीत पडून त्यांच्यासारखं व्हायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. टीव्ही खोटा आहे हे त्याला न बघताच माहीत होतं. मग बघायचं कशाला?

रमजान अर्धा सरला तेव्हा समितीने ठराव केला. शुक्रवारी दुपारी तीन वाजता सातव्या मजल्याचा पुरवठा तोडायचा. बाईने कबुली दिली तरच परत जोडायचा. ईद दोन आठवड्यांवर होती. रोकियाच्या फळ्यांवर चारशेच्या वर झगे कापून पडले होते. एकेका घरातल्या आई, मुली, आजी, सगळ्यांचे एका रंगाचे. ईदच्या सकाळी कपडा नाही मिळाला तर त्या गावात शिंपिणीचं नाव कायमचं जातं. पुढच्या वर्षी तिच्या दारात कुणी चिंधीही आणून टाकत नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती स्विचच्या खोलीपाशी आली. दिवसभराचा रोजा, ओठ सुकलेले. आरोकियमने पुढ्यातला चहाचा पेला सवयीने मागे लपवला.

"अंकल आरो, तुम्ही तो टीव्ही कधी बघितलाय?"

"मी कशाला बघू? मला बोर्ड कळतो."

"तेच म्हणतेय. बोर्ड कळणारा माणूस इमारतीत एकच आहे, आणि त्याने तीन महिन्यांत मान वर केली नाही. उद्या मला तोडायचंय तर निदान तोडणाऱ्याने बघून तोडावं."

बोलणं टाचणीसारखं लागलं. तो उठला. नाक मुरडत, हात पाठीमागे बांधून, तिच्यासोबत टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला. बघतो पण उपकार म्हणून, असा चेहरा.

साडेसहा झाले होते. नववा पिवळा होता. दहावा शून्य. आठवा मजला, जिथे तौके चुआचे मासे असतात, तो जवळजवळ शून्य. सातवा लाल भडक. आणि सगळ्यात खाली, राखाडी रंगात, कुणी वाचू नये अशा बारीक अक्षरांत एक ओळ होती: '४ – जादा, वापरात नाही'. त्या वापरात नसलेल्याच्या पुढे दिवसभराचा छोटा आलेख होता. सकाळी नऊला चढलेला, दुपारी एकला खाली आलेला, दोनला परत चढलेला, साडेपाचला संपलेला.

नऊ ते एक, दोन ते साडेपाच. पाचव्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर.

आरोकियमच्या डोक्यात सगळं एका झटक्यात जुळलं.

विस्मा चुआला चौथा मजला नाही. चिनी बोलीत चारचा उच्चार मरणासारखा, त्यामुळे म्हाताऱ्या चुआने, तौकेच्या बापाने, इमारत बांधताना तो गाळला. लिफ्टची बटणं एक, दोन, तीन आणि मग एकदम पाच. गावातल्या निम्म्या इमारती अशाच आहेत, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण बोर्डावरचे आकडे म्हाताऱ्याने रंगवले नव्हते. ते रंगवले होते सत्तावीस वर्षांच्या आरोकियमने, लाल रंगाने, बारीक ब्रशने. त्या वेळी त्याला अक्षरं येत नव्हती. रबराच्या मळ्यावरची शाळा तिसरीत सुटलेली. आकडे तेवढे यायचे. म्हातारा मागे उभा राहून म्हणाला होता, तीननंतर पाच लिही. आरोकियम हो म्हणाला आणि म्हाताऱ्याची पाठ फिरल्यावर त्याने तीननंतर चार लिहिला. वीज मरणाला भीत नाही. ती मजले मोजते तर खरे मजले मोजते. तळमजल्याच्या वर नऊ मजले, म्हणून एक ते नऊ. तुमच्या लिफ्टला काय बडबडायचं ते बडबडू दे. म्हातारा त्या खोलीत पुन्हा कधी आला नाही, आणि आरोकियम पुढे कित्येक वर्षं त्या चाराकडे बघून मनात हसत राहिला.

आता तो जेरेमी. त्याने आकडे वाचले. चार वाचला. हाही याच मातीतला, चाराला बिचकणाऱ्या आईच्याच पोटचा. त्याने विचार केला असणार, चौथा मजला इमारतीत नाही, म्हणजे चार नंबरचा स्विच जादाचा. मग पाचाचा पाचवा, सहाचा सहावा. दहाचा सापडला नाही तेव्हा गच्चीवरच्या पंपाच्या तारेवर असेल म्हणून सोडून दिला. जिना चढला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

बोर्डावरचा सात म्हणजे खरा सातवा, म्हणजेच लिफ्टचा आठवा. तिथे तौके चुआने भरभराटीसाठी पाळलेले अकरा सोनेरी अरोवाना मासे होते. आठाचा आकडा शुभ म्हणून मुद्दाम आठव्यावर. काचेच्या अकरा टाक्या, पाणी उबदार ठेवणारे हीटर, हवेचे पंप, दिवे, आणि माशांना घाम येऊ नये म्हणून खोलीला थंड हवा. दिवसरात्र. रविवारीसुद्धा.

रोकिया त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. "काय दिसलं?"

इथे तो सांगू शकला असता. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे उद्याचे तीन वाजले होते. समिती जमलेली, तौके चुआ हात मागे बांधून उभा, आणि स्विच खाली. असा घास आयुष्यात एकदाच तोंडाशी येतो. आत्ता सांगितलं तर काय होईल? तौके जेरेमीला फोन करील, जेरेमी दोन मिनिटांत नावं बदलेल, टीव्ही गुपचूप दुरुस्त होईल आणि कुणालाही लाज वाटणार नाही.

"उद्या दिसेल," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या बघू, काक. तुम्ही रोजा सोडा, अजान व्हायला आली."

ती मग टाचण्या तोंडात धरून लिफ्टमध्ये शिरली.

शुक्रवारी सकाळी आरोकियमने दाढी केली, नाताळला घालतो तो शर्ट घातला आणि तौके चुआकडे जाऊन लेखी हुकूम मागितला. तोंडी सांगण्यावर मी तोडत नाही, लिहून द्या. तौके वैतागला, पण त्याने लिहिलं: 'सात नंबरचा पुरवठा दुपारी तीन वाजता तोडावा.' खाली सही, इमारतीचा शिक्का. आरोकियमने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

दुपारभर तो स्विचच्या खोलीचं दार लावून आत बसला. सामानाची लिफ्ट खाली-वर होत होती, तिची घरघर त्याला भिंतीतून ऐकू येत होती. एकदा, दोनदा, सहादा. कुणीतरी सामान हलवत होतं. तो उठला नाही. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता.

तीन वाजता तौके चुआ समितीचे दोघे घेऊन दारात आला. जेरेमीही आला होता. हा 'यशस्वी वापर' कंपनीला दाखवायचा म्हणून फोटो काढायला. आरोकियमने खिशातला कागद काढून मोठ्याने वाचला.

"सात नंबर, तौके?"

"वाचता येत नाही का तुला?"

आरोकियमने सात नंबरचा स्विच खाली ओढला.

खट्ट झालं. सगळ्यांनी माना वर केल्या, जणू छतातून काही दिसणार होतं. अर्ध्या मिनिटाने तौके चुआच्या खिशातला फोन वाजला. माशांची देखभाल करणारी बाई होती. आठव्यावर अंधार झाला, पंप थांबले, मासे घाबरून उड्या मारतायत, सगळ्यात मोठ्याने झाकणावर डोकं आपटलंय.

"आठव्यावर?" तौके म्हणाला. "आठव्यावर कसा अंधार होईल? आम्ही सातवा बंद केला."

"तुम्ही सात बंद करायला सांगितलं, मी सात बंद केला," आरोकियम म्हणाला. "शिक्का आहे त्यावर."

मग त्याने बोलायला सुरुवात केली. रात्रभर घासून ठेवलेलं सगळं त्याने ओतलं. चौथा मजला, लिफ्टची बटणं, दाताचा डॉक्टर, कुलपातलं भूत, शिकवणीचा मास्तर. भगताचा खर्च कुणाच्या खिशातून गेला तेही विचारलं. तीन महिने सगळी इमारत ज्याला चोर म्हणून शोधत होती तो अकरा टाक्यांत पोहतोय आणि त्याला शेपटी आहे, असं म्हणताना समितीतला एकजण खोकल्याच्या निमित्ताने हसला. तौके चुआचा चेहरा उकडलेल्या फणसासारखा झाला. आरोकियमला इतकं सुख कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं.

"आधी मासे चालू कर," तौके म्हणाला. आरोकियमने स्विच वर केला, पण सावकाश.

"आणि हे आकडे लिहिले कुणी?" तौकेने बोर्डाकडे बोट केलं. "माझ्या बापाने चार लिहायला सांगितला नसेल."

"मी लिहिले. तुमच्या वडिलांनी गाळायला सांगितला होता. मी गाळला नाही."

जेरेमी इतका वेळ फोनमध्ये डोकं घालून नावं बदलत होता. तो वर न बघता म्हणाला, "अंकल, मी तुम्हाला विचारलं होतं."

"काय?"

"नंबर मजल्यांप्रमाणे आहेत का. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, वाचता येत नाही का."

दोन समितीवाले आता आरोकियमकडे बघू लागले. तो काहीतरी तडकून बोलणार होता, इतक्यात त्याला दारात रोकिया दिसली. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. हाताला कापडाचे धागे चिकटलेले, आणि तोंडात टाचण्या नव्हत्या.

"वर मशिनी चालूच आहेत," ती म्हणाली. "तीन वाजून गेले तरी चालू. म्हणून विचारायला आले." मग तिने तौकेकडे पाहिलंसुद्धा नाही. "अंकल, तुम्हाला हे कधी कळलं?"

"काल."

"मी शेजारी उभी होते तेव्हा?"

आरोकियमने हातातल्या कागदाची परत घडी घातली.

"मी सकाळपासून गाठोडी बांधतेय," रोकिया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोनशे दहा झगे टेम्पोत घालून नणंदेकडे पाठवले. तिच्यापुढे जाऊन पदर पसरला. चार मुलींना घरी जा म्हणून सांगितलं, त्या रडत गेल्या. सामानाची लिफ्ट इथूनच जाते. ऐकू नाही आली?"

"आली."

"ही माणसं मूर्ख आहेत. त्यांना वाटलं मी चोर आहे. तुम्हाला माहीत होतं मी चोर नाही, तरी तुम्ही मला गाठोडी बांधू दिली. का? तर यांचं तोंड कसं होतं ते बघायला." तिने पहिल्यांदाच तौके चुआकडे एक नजर टाकली. "बघितलंत? एवढ्यासाठी?"

तौके चुआने घसा साफ केला आणि म्हणाला की समिती ठराव मागे घेते. रोकियाने ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती लिफ्टकडे वळली. समितीवाले पांगले. जेरेमीने टीव्हीचा फोटो काढला, आता सगळे आकडे बरोबर होते, आणि तो बसस्टँडकडे गेला. या खेपेसही तो जिना चढला नाही. पण आरोकियमला त्यावर हसावंसं वाटेना. तो तरी काल रात्री कुठे चढला होता? सातव्या मजल्यावर जाऊन एक वाक्य बोलायला त्याला लिफ्टने चाळीस सेकंद लागले असते.

टेम्पो संध्याकाळी परत आला, पण अर्धाच भरून. नणंदेने उरलेले झगे ठेवून घेतले होते. आलेलं काम सोडायला तिला काय वेड लागलं होतं. तिच्या काजांवर रोकियाचा विश्वास नव्हता. ते झगे ईदला अंगावर चढतील, पण शिवणीत दुसऱ्याचा हात दिसेल, आणि त्या गावातल्या बायकांना तो दिसतोच.

शनिवारी तौके चुआचा निरोप आला. बोर्डावर नवीन आकडे रंगव, लिफ्टप्रमाणे, आणि चार ठेवू नकोस. आरोकियम ब्रश घेऊन बोर्डापुढे बसला. चार गाळून आकडे रंगवले तर तौके जिंकतो. चार तसाच ठेवला तर तो स्वतः जिंकतो, आणि आता त्याला त्या जिंकण्याची शिसारी आली होती. त्याने पातं घेतलं आणि नऊच्या नऊ आकडे खरवडून काढले. मग प्रत्येक स्विचखाली नाव लिहायला घेतलं. अक्षरं तो चाळिशीनंतर शिकला होता, मुलीच्या वहीवरून. अजूनही ती एकमेकांना धरून चालायची नाहीत. औषधाचं दुकान. फोटोवाला. दाताचा डॉक्टर. वकील. रोकिया – शिवण. मासे. भूत असं लिहायचा त्याला मोह झाला, पण त्याने 'विमा, बंद' लिहिलं.

मग तो जिना चढून सातव्यावर गेला. लिफ्ट चालू होती तरी जिन्याने. मशिनींच्या आवाजात त्याने रोकियाला सांगितलं की नावं लिहून झाली, आता चूक होणार नाही.

"कोण म्हणतं?"

"मी लिहिलीत."

"आकडेही तुम्हीच लिहिले होते." तिने धागा दातांनी तोडला. "चला, मी खाली येते."

ती त्या खोलीत प्रथमच आत आली. नावं वाचली, एकेक, ओठ हलवत. मग फोन लावून वरच्या मुलीला म्हणाली, मशीन चालवत राहा आणि बंद पडली की सांग. आणि आरोकियमला म्हणाली, "माझा बंद करा."

त्याने 'रोकिया – शिवण' खाली ओढला. फोनमधली घरघर थांबली. "काक, बंद पडलं," मुलगी म्हणाली.

"चालू करा."

त्याने चालू केला. घरघर परत आली. रोकिया निघेल असं वाटून तो दारातून बाजूला झाला, पण ती तिथेच उभी.

"आता बाकीचे."

"बाकीचे कशाला? तुमचा बरोबर आहे."

"उद्या त्या टीव्हीवर दुसऱ्या कुणाचं नाव लाल होईल. तेव्हा तुम्ही परत दार लावून बसाल. मला माहीतेय तुम्ही कसे आहात." तिने स्टूल पायाने पुढे ओढलं आणि बसली. तिचा रोजा होता, वर तीनशे झगे पडले होते, आणि तरी ती बसली. "मी इथून एकेक नाव सांगते. तुम्ही वर जा, प्रत्येक दार ठोका, सांगा की बंद करणार आहोत. मग खाली या, बंद करा, परत वर जाऊन बघा कोण अंधारात आहे ते."

"नऊ वेळा?"

"आठ. माझा झाला."

आरोकियमने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो ज्या नजरेने टीव्हीकडे, तौकेकडे, चकचकीत बुटांकडे बघायचा तीच नजर होती, आणि ती आता त्याच्यावर होती. एवढी ओळखीची वस्तू त्याने आजवर दुसऱ्या बाजूने पाहिली नव्हती.

तो जिना चढू लागला. दाताच्या डॉक्टरच्या दारात त्याने टोपी काढली आणि विचारलं, आत कुणाच्या तोंडात यंत्र असेल तर काढून घ्याल का, मला तुमचा स्विच तपासायचाय. डॉक्टरने विचारलं, कोणता स्विच.

"पूर्वी चार नंबरचा होता तो," आरोकियम म्हणाला. "आता त्यावर तुमचं नाव आहे."